न झाडलेली फरशी

दोरीच्या पलीकडेच उभे राहा, पण जरा वाका. मी खाली आहे. फरशी खालीच असते आणि बोलतेही खालूनच, म्हणून आजवर माझं कुणी ऐकलं नाही.

मला पाहिल्यावर सगळ्यांना वाटतं तेच तुम्हालाही वाटलं असेल, की इथे कुणीतरी जेवून गेलंय आणि झाडायचं राहिलंय. माशाचा काटा, खेकड्याची नांगी, चोखून टाकलेल्या ऑलिव्हच्या बिया, अर्धं खाल्लेलं अंजीर, अक्रोडाची टरफलं, कोंबडीचा एक पाय. सगळं दगडाचं. नखाएवढे रंगीत दगड एकाला एक लावून केलेलं हे उष्टं-खरकटं आहे. मी जन्मापासून न झाडलेली आहे आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

मला घडवलं हेर्मास नावाच्या कारागिराने. जन्माने ग्रीक, आधी गुलाम, मग मोकळा झालेला. मांसाचा व्यापार करणाऱ्या विबिउसच्या जेवणघरात तो दोन हिवाळे गुडघ्यांवर बसून होता. जेवताना खाली पडेल ते उचलायचं नाही, ते घरातल्या मेलेल्या माणसांचं, अशी त्या लोकांची रीत. विबिउसच्या घरात मेलेले बरेच होते. ते कधी उपाशी राहू नयेत म्हणून त्याने कायमचं सांडून ठेवलं. खर्चीक माया होती, पण माया होती.

दाराजवळच्या कोपऱ्यात हेर्मासने मालकाला न विचारता एक कुत्रं बसवलं. केसाळ, एक कान फाटलेला, तोंडात हाड, शेपटी माझ्या मधल्या भागापर्यंत पसरलेली. विबिउस बघून म्हणाला, "खरकटं सांडलंय म्हटल्यावर कुत्रं येणारच की." मग माझ्यावर मेजवान्या झाल्या, भांडणं झाली, एकदा एक लग्नही मोडलं. पुढे घर पडलं. माझ्यावर माती आली, मातीवर मेंढ्या आल्या, ऑलिव्हची मुळं आली. त्या शेकडो वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी पडून होते.

माझी खरी गोष्ट सुरू होते १९६२ साली, मोंतोर्बा गावात.

इटलीतल्या उंब्रियाच्या डोंगरातलं हे गाव. इथे जमिनीत कुदळ मारली की रोम लागतं. आणि रोम लागलं की पाठोपाठ पुरातत्त्वाचं ऑफिस येतं. नाझारेनो पाववाल्याच्या घराच्या पायात तीन मडकी निघाली, त्याने इमानदारीत कळवलं, तर सहा वर्षं काम बंद पडलं. त्याची मुलगी त्या बिनछपराच्या घरात रांगली, चालली आणि शाळेत जाऊ लागली. तेव्हापासून गावाने धडा घेतला. काही निघालं की वर माती लोटायची, हात धुवायचे आणि जेवायला जायचं. विचारलं तर सांगायचं, चिकणमाती होती.

क्विंतो तेव्हा चोवीस वर्षांचा गवंडी होता, नुकतंच लग्न ठरलेला. स्वतःचं घर स्वतःच्या हाताने बांधत होता. वाइनच्या पिंपांसाठी तळघर खणताना त्याची कुदळ माझ्या कोपऱ्यापाशी थांबली. त्याने हाताने माती बाजूला केली, थुंकी लावून पुसलं आणि खालून माझं कुत्रं त्याच्याकडे बघायला लागलं. तो उकिडवा बसला. म्हणाला, "आता तुझं काय करू रे बाबा?"

बिनछपराच्या घरात बायकोला आणायची त्याची तयारी नव्हती. पण दुसरा कुणी असता तर त्याने वर सिमेंट ओतून मला कायमची मारली असती. क्विंतोने तसं केलं नाही. नदीची वाळू आणली, चाळली, चार बोटं जाड पसरली. त्यावर गोणपाट, त्यावर विटा, आणि विटांच्या सांध्यांत नुसता चुना, तोही पातळ. वर पिंपं ठेवली आणि लग्न केलं.

दोन वर्षांनी त्याच्या घराला लागून रस्ता रुंद करताना मी उरलेली सापडले. ऑफिसची माणसं आली. त्यांनी माझ्या तोंडावर सरस लावून कापड चिकटवलं, माझे अकरा तुकडे केले आणि उचललं. त्यात माझे शेकडो दगड गेले. एक अख्खं डाळिंब गेलं. माझी एक बाजू क्विंतोच्या भिंतीखाली जात होती. साहेबाने त्याला विचारलं, "पाया खणताना काही निघालं होतं का?"

"चिकणमाती, साहेब," क्विंतो म्हणाला. "नुसती चिकणमाती."

साहेबाने कागदावर लिहिलं, कोपरा नष्ट. मला गावातल्या बंद पडलेल्या तेलघाण्यात नेलं, तुकडे जुळवून जमिनीवर बसवलं आणि दारावर पाटी लावली. माझ्यासाठी म्हणून हे संग्रहालय झालं. चार खोल्या, पंचवीस-तीस मडकी, दोन बिनमुंडक्यांचे पुतळे आणि मधोमध मी. भिंतींना अजून तेलाचा वास येतो.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी राहत आले. इकडे तेलघाण्यात लोक माझ्याकडे बघून हळू बोलायचे, तिकडे तळघरात माझ्या कोपऱ्यावर पिंपं गळायची आणि म्हातारे एकमेकांची उणीदुणी काढायचे. तिथलं मला कसं कळतं म्हणून विचारू नका. तो कोपराही मीच की. खरं सांगायचं तर माझा जीव तिकडेच जास्त रमायचा.

इकडच्या भागात कुत्र्याची फक्त शेपटी आली होती. पुढचं सगळं तिकडे. त्या शेपटीवर विद्वानांची पोटं भरली. एकाने उंदीर म्हटलं, एकाने माकड. मग लुदोविका स्पेरांदेई नावाच्या एका हुशार मुलीने अख्खं पुस्तक लिहून सिद्ध केलं की हा साप आहे, घराचा राखणदार साप. खाली कुत्रं आहे हे ठाऊक असलेले गावातले म्हातारे ते ऐकून तळघरात माझ्या डोक्यावर बसून पोट धरून हसले. बाहेर मात्र एक शब्द नाही.

क्विंतोची मुलगी एर्सिलिया एकतीस वर्षांपूर्वी इथे कामाला लागली. तिकीट तीच देते, किल्ल्या तिच्याकडे, झाडणंही तिच्याकडे. मऊ ब्रशने ती मला झाडते तेव्हा पुटपुटते, "तुला झाडून काय मिळणार म्हणा." लहानपणी ती तळघरात दोरीवरच्या उड्या मारायला लागली की बाप ओरडायचा, "तिथे नाही. तिकडे, दाराशी." दहा वर्षांची असताना तिने कारण विचारलं आणि बापाने सांगितलं. तेव्हापासून तिच्याही तोंडाला कुलूप. रोज सकाळी ती माझ्या त्या राखाडी सिमेंट भरलेल्या कोपऱ्यावरून ब्रश फिरवायची आणि रोज तिचा हात तिथे क्षणभर अडखळायचा.

गेल्या वर्षी ऑफिसातून पत्र आलं. संग्रहालय लहान, वस्तू थोड्या, मुख्य फरशी अपुरी, बघायला येणारे त्याहून थोडे. तेव्हा फरशी शहरातल्या मोठ्या संग्रहालयात हलवावी आणि मोंतोर्बाचं दार बंद करावं. खाली सही लुदोविका स्पेरांदेईची. ती आता ऑफिसची मोठी बाई झाली होती.

एर्सिलियाने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि दुपारी तळघरात बापासमोर येऊन उभी राहिली. क्विंतो शहाऐंशीचा झाला होता, पण वाइन अजून स्वतः काढायचा.

"बाब्बो, त्यांना कोपऱ्याचं सांगायला हवं. अपुरी आहे म्हणून नेतायत. पुरी झाली तर राहील."

"आणि मला पोलीस नेतील."

"शहाऐंशीच्या माणसाला कोण नेतंय?"

"नेणार नाहीत, पण पेपरात येईल. 'मोंतोर्बाच्या गवंड्याने चोरून ठेवलं.' साठ वर्षं या गावात चोख काम केलंय मी. एक भिंत कलली नाही माझी. मी मेल्यावर सांग."

"तू मरेपर्यंत ती इथे राहणार नाही. आणि मीही माझ्या तोंडाने नाही सांगणार. तुझ्या घरातली गोष्ट आहे, तू सांग."

"मग जाऊ दे तिला," क्विंतो म्हणाला आणि पिंपाकडे वळला.

एर्सिलिया वर गेली नाही. विटांवर बसली, बरोबर माझ्या कुत्र्याच्या वर, आणि रडली. तिचं सगळं आयुष्य त्या चार खोल्यांत गेलं होतं. बापाला उघडं पाडायचं की मला जाऊ द्यायचं, यातलं काहीच तिला जमत नव्हतं. मला तेव्हा तिच्या बापाचा फार राग आला. मग आठवलं की त्याने वाळू चाळून घातली होती.

जुलैत ठरल्या दिवशी ट्रक आला. सोबत दोन कामगार आणि स्वतः स्पेरांदेई बाई. कामगारांनी सरस गरम केला आणि माझ्या काठावर कापडाची पहिली पट्टी चिकटवली. तो वास मी विसरले नव्हते. माझ्या अंगातला दगड न् दगड भ्यायला. एर्सिलिया दारात हाताची घडी घालून उभी होती.

एक वाजला. या देशात एक वाजला की युद्धही थांबतं. कामगारांनी ब्रश पाण्यात टाकले आणि पिशवीतून कागदात गुंडाळलेला पाव काढला. ते बघून एर्सिलियाच्या अंगावर शहारा आला.

"पायऱ्यांवर बसून कोरडा पाव खाणार? माझ्या गावात?" ती म्हणाली. "चला घरी. तुम्हीही चला, स्पेरांदेईबाई. तुम्ही मला लुटायला आलात ते वेगळं, आणि जेवण वेगळं."

"एर्सिलिया, मी लुटायला—"

"मसूर गार होईल."

बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून क्विंतोने टेबल तळघरात मांडलं होतं. अळणी पाव, मसूर, भाजलेलं डुक्कर आणि घरची लाल वाइन. टेबलाचे पाय माझ्या कोपऱ्यावर. शेजारचा नाझारेनो पाववालाही नव्वदीतला असून काठी टेकत आला. परक्या बाईला जवळून बघायची संधी तो सोडणार नव्हता. जेवण चांगलं झालं. कामगारांनी दोनदा वाढून घेतलं. स्पेरांदेई बाई वाइनने जरा सैलावल्या आणि मऊ आवाजात क्विंतोला समजावू लागल्या.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तिकडे तिला मोठं दालन मिळेल. आणि आपण तो गेलेला कोपराही पूर्ण करणार आहोत. चित्रकार ठरलाय. शेपटीला जोडून अख्खा साप काढणार, डोक्यावर तुरा असलेला."

क्विंतोचा घास हातातच राहिला. "काय काढणार?"

"साप."

नाझारेनोला ठसका लागला. एर्सिलियाने खाली बघितलं. क्विंतोने पाव ताटात ठेवला, मिशा पुसल्या आणि बाईंकडे बघितलं. लबाडी त्याला पेलली होती. मूर्खपणा पेलेना.

"साप नाही तो," तो म्हणाला.

"सगळे पुरावे—"

"बाई, साप नाही. केसाळ शेपटीचा साप बघितलाय कधी? बारीक काळ्या दगडांच्या रेघा आहेत तिला, त्या काय तुमच्या सापाच्या मिशा आहेत?" तो उठला. "टेबल उचला रे पोरांनो. ताटं नीट धरा, वाइन सांडू नका."

"बाब्बो," एर्सिलिया म्हणाली.

"तू गप्प बस. 'तू सांग' म्हणालीस ना, मग सांगू दे."

टेबल सरकलं. क्विंतो गुडघ्यांवर बसला, हाडं वाजली. छिन्नी घेऊन कामगारांना म्हणाला, "इथे मारायचं, हलकं. मधे नाही, सांध्यात. चुनाच आहे." विटा अख्ख्या निघाल्या, एक फुटली नाही. खाली गोणपाट कुजून गेलं होतं, पण त्याखालची वाळू कोरडी होती. क्विंतोने ती ओंजळीने काढली. मग पाणी मागितलं आणि ओतलं.

बासष्ट वर्षांनी माझ्या कुत्र्याने उजेड बघितला. केस, फाटका कान, तोंडातलं हाड, सगळं जिथल्या तिथे. डोळ्यातला पांढरा दगडसुद्धा हलला नव्हता.

स्पेरांदेई बाई खाली बसल्या, चांगल्या कपड्यांनिशी, वाळूत. त्यांनी कुत्र्याच्या कानावरून बोट फिरवलं आणि अचानक हसायला लागल्या. "गेलं माझं पुस्तक," त्या म्हणाल्या. "दोनशे चाळीस पानं. कुत्रं आहे हो हे." डोळे पुसले आणि वाळू मुठीत घेऊन बघितली. "हे झाकलं कुणी?"

आता सगळे भिंतीकडे बघू लागले. बाईंनी मुद्दाम वही उघडली. "मी असं लिहिते. आज दुपारी तळघर दुरुस्त करताना अचानक सापडलं, आणि घरमालकाने लगेच कळवलं."

क्विंतोसाठी दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती.

"नाही," तो म्हणाला. "बासष्ट साली क्विंतोने लपवलं, असं लिहा. आणि कसं लपवलं तेही लिहा. नदीची वाळू, चाळलेली, चार बोटं. त्यावर गोणपाट. सिमेंटचा कणही नाही. तुमच्या लोकांनी हिला अकरा ठिकाणी कापलं. माझ्याकडचा एक दगड कमी असला तर दाखवा."

बाईंनी मोजल्यासारखं बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "एकही कमी नाही. आम्ही इतकं चांगलं केलं नसतं."

साठ वर्षं ज्याला चोर ठरायची भीती होती तो माणूस हे ऐकून ताठ झाला. त्याची मान तशी ताठ मी नंतरही बघितली, पण पहिल्यांदा ती तिथे झाली. एर्सिलियाने तोंडावर एप्रन धरला होता.

स्पेरांदेई बाईंनी कामगारांना वर पाठवलं. "ती पट्टी कोमट पाण्याने सोडवा. हळू. काम थांबलं."

"म्हणजे नेणार नाही?" एर्सिलियाने विचारलं.

"कोपरा जमिनीत जिथल्या तिथे मिळाला म्हणजे खोलीची जागा सापडली, घराची जागा सापडली. अशी गोष्ट तिच्या गावातून उचलायला मी सही करणार नाही. पण एर्सिलिया, मला खरं सांगा, या गावात आणखी किती चिकणमाती आहे?"

उत्तर नाझारेनोने दिलं. तो काठी टेकत उठला आणि म्हणाला, "त्या तीन मडक्यांच्या खाली एक बाई होती. संगमरवरी. ती नाही मी कळवली. माझी बायको तिचं डोकं ऑलिव्ह मुरवताना वर वजन म्हणून ठेवते. आणतो."

मोंतोर्बात बातमी चालत नाही, पळते. क्विंतोने सांगितलं आणि त्याला कुणी धरलं नाही, हे चार वाजेपर्यंत सगळीकडे झालं. मग लोक यायला लागले. जिरेनियमची कुंडी म्हणून वापरलेला अस्थिकलश आला. लाकडं फोडायचा खांबाचा तुकडा आला. कोंबड्यांना पाणी पाजायची दगडी पेटी आली, कोंबडीसकट. पाद्रीबुवा स्वतः येऊन सांगून गेले की चर्चच्या मागच्या पायरीवर कोरीव अक्षरं आहेत आणि त्यांनी ती तीस वर्षं मुद्दाम पायपुसण्याखाली ठेवली आहेत. शेजारणी शेजारणींना टोमणे मारत होत्या. "तरीच म्हटलं तुझे ऑलिव्ह एवढे चांगले कसे मुरतात."

मला न्यायला आलेला ट्रक तीन दिवस गावातच फिरत राहिला, घरोघरचं सामान संग्रहालयात आणून टाकत. स्पेरांदेई बाईंची वही संपली. एर्सिलियाने तिकिटांची पुस्तकं उलटी करून दिली. पत्रात लिहिलं होतं की वस्तू थोड्या आहेत. आता ठेवायला जागा थोडी पडली आणि घाण्याचा बंद असलेला वरचा मजला उघडावा लागला.

कोपरा मला हिवाळ्यात जोडला. शहरातून आलेल्या कारागिरांना क्विंतो तळघरात खुर्ची टाकून हुकूम सोडत होता. मला तेव्हा कसं वाटलं ते सांगू का? शेपटी हलल्यासारखं वाटलं. बास.

ज्या दिवशी दार पुन्हा उघडलं त्या दिवशी भाषणं झाली. ती संपल्यावर, गर्दी पांगल्यावर क्विंतो आला. एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितली नाही. मुलगी एकतीस वर्षं इथे कामाला, घर हाकेच्या अंतरावर, पण या माणसाने एकदाही इथे पाऊल ठेवलं नव्हतं. जेवणाचा डबा द्यायचा तर दारातूनच द्यायचा. एर्सिलियाने दोरी काढली. त्याने बूट काढले, टोपी काढली आणि मोज्यांवर कोपऱ्याच्या सांध्यापर्यंत आला. गुडघ्यांवर बसून अंगठा सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. भिंतीवरची पाटी त्याने वाचली नाही. तिच्यावर त्याचं नाव आहे आणि वाळूचं मापही.

"उठ, बाब्बो, गार आहे जमीन," एर्सिलिया म्हणाली.

"बसू दे थोडं," तो म्हणाला. "साठ वर्षं हिच्यापासून तोंड लपवत होतो मी."

ती त्याच्या शेजारी बसली. बराच वेळ दोघं माझ्याकडे बघत बसले, आणि मी त्यांच्याकडे.

तर अशी मी, सगळी एका जागी. तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्याही घरात, पायरीखाली, माळ्यावर असं कुणीतरी असेल, भीतीपोटी झाकलेलं. झाकलं म्हणून मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण सिमेंट ओतू नका. आणि एक दिवस जेवून झाल्यावर टेबल उचला.

आता पुढे सरका, तुमच्या मागे रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय.